थवे मोजून पाणी कळत नाही

कारखान्यांच्या पट्ट्यातून वाहणाऱ्या नद्या, खाड्या आणि तळ्यांवरच्या पाणपक्ष्यांचा विषय निघाला की हटकून दोन फोटो पुढे येतात. एकात उथळ पाण्यावर पसरलेला हजारोंचा थवा असतो आणि खाली खोचक ओळ असते: प्रदूषणाच्या नावानं गळे काढणाऱ्यांनी जरा हे पाहावं. दुसऱ्यात चिखलात माना टाकून पडलेले चार-सहा पक्षी असतात आणि खाली थेट निकाल: कारखान्यांनी मारले. मग दोन्हीकडून आवाज चढतात. पाणी विषारी असतं तर पक्षी आले असते का, ते काय खुळे आहेत, असं एक बाजू विचारते. अजून किती मेले म्हणजे तुमचे डोळे उघडतील, असं दुसरी. गंमत अशी की एकमेकांवर तुटून पडणाऱ्या या दोन्ही बाजूंचं गृहीतक एकच आहे. विष असेल तर पक्षी मरणार, आणि पक्षी जिवंत दिसतोय म्हणजे विष नाही. भांडण उरतं ते फक्त कुणाचा फोटो खरा एवढ्यावर.

मला हे गृहीतकच मान्य नाही. काठावर किती पक्षी उतरले आणि किती मेले, हे दोन्ही आकडे या प्रश्नात दुय्यम आहेत. पक्ष्यांच्या चरबीत, यकृतात, पिसांत आणि मुख्य म्हणजे अंड्यांत वर्षानुवर्षं काय साठत चाललंय, हे मोजलं पाहिजे. ते आकडे लोकांसमोर आले पाहिजेत. आणि कारखान्याला सांडपाणी सोडायची परवानगी द्यायची की नाही, दिली तर किती, हे पाण्याच्या नमुन्याइतकंच या आकड्यांवर ठरलं पाहिजे. पक्षीप्रेमाच्या उमाळ्यातून मी हे म्हणत नाही. पाण्याच्या नमुन्यानं आपल्याला गेल्या पाऊणशे वर्षांत किती वेळा फसवलंय, याचा हिशेब पाहून म्हणतो आहे.

फसवणुकीचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकचं. या तळ्यावर चिलटांचा भारी उपद्रव होता. ती चावत नसत, पण गळ टाकून बसणाऱ्यांना आणि सुट्टीला येणाऱ्यांना नकोशी व्हायची. म्हणून १९४९ साली तळ्यात डीडीडी नावाचं कीटकनाशक सोडलं गेलं. ते डीडीटीचं भावंड, पण माशांना कमी घातक म्हणून मुद्दाम निवडलेलं. १९५४ आणि १९५७ साली पुन्हा मात्रा दिली. मात्रा किती? पाण्याच्या दहा लाख भागांमागे ०.०२ भाग. कुठल्याही तज्ज्ञानं तेव्हा निर्धास्त सही केली असती, आणि केलीच. १९५४-५५च्या हिवाळ्यात तळ्यावरचे ग्रीब मरू लागले. हा आपल्या टिबुकलीच्या कुळातला, बुड्या मारून मासे धरणारा पक्षी. रोग शोधला, सापडला नाही. शेवटी मेलेल्या ग्रीबची चरबी तपासली तेव्हा तीत दहा लाख भागांमागे १६०० भाग डीडीडी निघालं. पाण्यातल्या मात्रेच्या ऐंशी हजार पट. वाटेतल्या पायऱ्याही सापडल्या: प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांत, सुमारे ५ भाग, ते खाणाऱ्या माशांत त्याहून कितीतरी जास्त, मासे खाणाऱ्या माशांत आणखी जास्त. फवारणीआधी तळ्यावर हजारभर जोड्या घरटी करायच्या, १९६० पर्यंत तिसेक उरल्या आणि त्यांचीही पिल्लं दिसेनात. या सगळ्या काळात तळ्याचं पाणी कसं होतं? शेवटच्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत पाण्यात डीडीडीचा मागमूस उरला नव्हता. त्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला असता तर ‘निर्दोष’ असा दाखला मिळाला असता, आणि तो खोटाही नसता.

हे असं का होतं, ते एकदा नीट समजून घ्यायला हवं. डीडीटी, पीसीबी (विजेच्या उपकरणांतलं तेल), डायऑक्सिन (जाळताना आणि काही रसायनं बनवताना नकळत तयार होणारं विष) ही रसायनं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. पाण्यातून निघून ती गाळाच्या कणाला चिकटतात किंवा जिवंत शरीराच्या चरबीत शिरतात, आणि तिथून सहजी बाहेर पडत नाहीत. पाऱ्याची तऱ्हा वेगळी. गाळात जिथे प्राणवायू पोचत नाही तिथले जिवाणू साध्या पाऱ्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो प्रथिनांना धरून अन्नसाखळीनं वर चढतो. दोन्ही वाटांचं शेवटचं टोक एकच: मासे खाणारा पक्षी. पाण्याचा नमुना म्हणजे त्या दिवशीचा गल्ला. कर्ज किती झालंय हे पाहायला खतावणीच उघडावी लागते, आणि इथे ती खतावणी पक्ष्याच्या अंड्यात असते. तरीही जगभरचे बहुतेक परवाने आजही पाण्याच्या एका लिटरमध्ये अमुक इतके मिलिग्रॅम याच भाषेत लिहिले जातात. वाहत्या पाण्यात तर आणखी सोय असते. नदी मोठी असली की रसायन पातळ होतं आणि आकडा मर्यादेत बसतो. गाळात आणि माशांत ते पुन्हा दाट होतं, हे त्या कागदावर कुठेच येत नाही.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. यातले काही भक्कम आहेत आणि ते नुसते झटकून टाकणं हा आपल्या चळवळींचा जुना दोष आहे.

पहिला मुद्दा: पाणपक्ष्यांच्या सामूहिक मृत्यूंना बऱ्याचदा कारखाने जबाबदार नसतात. हे खरं आहे. राजस्थानातल्या सांभर तलावावर २०१९च्या नोव्हेंबरात अठरा हजारांहून अधिक पक्षी मेले. सुरुवातीला पाण्यातल्या विषाचा संशय जोरात होता. बरेलीच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं बॉटुलिझम. कुजणाऱ्या पदार्थांत वाढणाऱ्या जिवाणूचं हे विष, मेलेल्या पक्ष्यांवर पोसणाऱ्या अळ्यांतून ते पुढच्या पक्ष्यांत जातं. बर्ड फ्लूनंही असेच खच पडतात. म्हणून मेलेला पक्षी दिसला की जवळच्या धुराड्याकडे बोट दाखवायचं, हा खेळ धोकादायक आहे. दहापैकी सात वेळा बोट चुकीचं ठरलं तर उरलेल्या तीन वेळा कुणी ऐकत नाही. पण या मुद्द्यातून निष्कर्ष काय निघतो? साचणाऱ्या रसायनांचं काम सहसा असं एकगठ्ठा आणि उघड्यावर होतच नाही, हाच. काठावरच्या मढ्यांवरून निदान करता येत नाही, हे मान्य केलं की मढी नाहीत म्हणून आलबेल, हेही सोडून द्यावं लागतं. सोयीची अर्धी बाजू तेवढी उचलता येत नाही.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. शरीरात रसायन सापडलं म्हणजे अपाय झालाच, असं नाही. आजची उपकरणं इतकी तरबेज झाली आहेत की कुठल्याही पक्ष्याच्या कुठल्याही अवयवात काही ना काही सापडणारच. शिवाय पक्षी हतबल नसतात. अंगातला बराचसा पारा ते नव्यानं येणाऱ्या पिसांत घालून झडतीबरोबर टाकून देतात. मादी अंड्यांवाटे काही भार उतरवते. अमेरिकेतल्या हडसन नदीकाठी पीसीबीनं ठासून भरलेल्या भिंगऱ्यांची वीण एका हंगामात बिघडली आणि पुढच्याच हंगामात जवळपास सुरळीत झाली, हेही नोंदलं गेलं आहे. तेव्हा ‘सापडलं’ या एका शब्दावर मथळे सजवणाऱ्यांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे: किती सापडलं, आणि त्या मात्रेला काय होतं?

मात्र ‘किती’चं उत्तर कधी घेतलं यावर फार काही अवलंबून असतं, आणि इथे १९६०च्या दशकातली हॉलंडची हकीकत सांगायलाच हवी. रॉटरडॅमजवळच्या एका कारखान्यातून डीलड्रिन, टेलोड्रिन अशी कीटकनाशकं पाण्यात जात होती. किनाऱ्यालगतच्या प्रवाहानं ती उत्तरेला वाडन समुद्रात नेली, कारखान्यापासून चांगलीच लांब. तिथल्या सँडविच टर्न या सुरय पक्ष्यांच्या वसाहती ढासळत गेल्या. १९५०च्या दशकात या पक्ष्याच्या दहा हजारांहून कितीतरी अधिक जोड्या त्या देशात वीण करायच्या, १९६५ साली हजारही उरल्या नाहीत. त्याच पाण्यावर आयडर बदकंही होती, आणि त्यांच्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. मरत होत्या त्या माद्या, आणि मरत होत्या त्या अंड्यांवर बसल्यावर. आयडरची मादी अंडी उबवताना जवळपास काही खात नाही. आधी साठवलेल्या चरबीवर तीन-साडेतीन आठवडे काढते. चरबी जळू लागली की तीत कोंडलेलं कीटकनाशक रक्तात उतरायचं आणि मेंदूपर्यंत जायचं. हीच मादी महिनाभर आधी पाण्यात डुंबताना पाहिली असती तर धडधाकट, गुबगुबीत दिसली असती. फोटोही छान आला असता. स्थलांतर, उपवास, वीण, कडाक्याची थंडी: पक्ष्याच्या आयुष्यात चरबी जाळायचे प्रसंग ठरलेले असतात. म्हणजे निरोगी दिसणं हा पुरावा नेमका त्या काळातला असतो जेव्हा विष कडीकुलपात असतं.

कारखान्याचं ते सांडपाणी थांबवल्यावर टर्न हळूहळू परतले. पुन्हा आधीच्या संख्येच्या आसपास यायला त्यांना कित्येक दशकं लागली. नाला बंद करायला काय वेळ लागतो?

तिसरा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आहे: पक्ष्यांची संख्या वाढतेय, याहून मोठा पुरावा कोणता? उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांवरच्या पाणकावळ्यांनी या युक्तिवादाचा चोख निकाल लावला आहे. डीडीटीच्या काळात हे पक्षी तिथून जवळजवळ नाहीसे झाले होते. १९७०च्या दशकात निर्बंध आले आणि संख्या झपाट्यानं वाढू लागली, पुढे इतकी की मासेमार वैतागले. पण याच वाढीच्या वर्षांत मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे भागात वाकड्या चोचीची पिल्लं सापडत होती. वरची चोच एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, कात्रीची पाती निखळावीत तशी. असं पिल्लू घरट्यात असेपर्यंत आईबापांच्या घशातून अन्न घेऊन जगतं. एकदा ते आपल्या पोटाचं आपण पाहायला लागलं की मासा धरता येत नाही. त्या खाडीत फॉक्स नदी येऊन मिळते, आणि तिच्या काठचे कागद कारखाने १९५४ ते १९७१ या काळात कार्बनविना नक्कल उमटवणाऱ्या कागदासाठी पीसीबी वापरत होते. पावतीपुस्तकाच्या दुसऱ्या पानावर अक्षर उमटावं म्हणून बनवलेलं द्रव्य पाणकावळ्याच्या चोचीत जाऊन बसलं. संख्या वाढत होती, हे खरं. चोची वाकड्या होत्या, हेही खरं. शिरगणती करणाऱ्याला यातलं पहिलंच दिसतं.

याच ग्रीन बेवर १९८३ साली एक देखणा प्रयोग झाला. तिथल्या फॉर्स्टर्स टर्नची अंडी तुलनेनं स्वच्छ अशा पॉयगन तळ्यावरच्या टर्नच्या घरट्यांत ठेवली आणि तिकडची इकडे आणली. ग्रीन बेची अंडी चांगल्या आईबापांखाली ठेवूनही नीट उबली नाहीत, म्हणजे दोष अंड्यात होता. आणि पॉयगनची चांगली अंडी ग्रीन बेच्या आईबापांखाली बिघडली, कारण ते जोडपं घरट्यावर टिकून बसतच नव्हतं. रसायनानं अंडं बिघडवलं होतं आणि अंड्यावर बसण्याची सवयही. दुर्बीण घेऊन काठावर उभं राहणाऱ्याला मात्र काय दिसलं असतं? टर्न आहेत, घरटी आहेत, अंडी आहेत. छान आहे की!

मुळात पक्षी घाण पाण्यावर येतातच का, याचं उत्तर साधं आहे: खायला मिळतं म्हणून. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदानं शेवाळ माजतं, गाळात किडे-अळ्या मुबलक होतात, कोमट पाण्याला मासे जमतात. पक्ष्याला भूक कळते, पीसीबी कळत नाही. त्यातून कुरव, पाणकावळे, पेलिकन हे पक्षी दहा-वीस वर्षं सहज जगतात. त्यांची वीण पूर्ण बंद पडली तरी म्हातारे पक्षी वर्षानुवर्षं त्याच बेटावर, त्याच तळ्यावर येत राहतात आणि मोजणीत भरती करतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडच्या आनाकापा बेटावर १९७० साली तपकिरी पेलिकननी साडेपाचशेहून अधिक घरटी केली. त्या सगळ्यांतून पिल्लू किती वाढलं? एक. लॉस एंजेलिसमधला डीडीटी बनवणारा कारखाना आपलं सांडपाणी शहराच्या गटारांतून समुद्रात सोडत होता. डीडीटीपासून शरीरात तयार होणारं डीडीई अंड्याच्या कवचात चुना बसू देत नाही. पेलिकन पोटाखाली धरून अंडी उबवत नाही, पायांचे रुंद पडदे अंड्यांवर ठेवून उबवतो. कवच पातळ, त्यावर आईचे पाय. ऊब द्यायला ठेवलेल्या पायांखालीच अंडी फुटत होती. पक्षी मोजणाऱ्याच्या वहीत त्या वर्षी हजारावर प्रौढ पेलिकनांची नोंद सहज झाली असती.

चौथा मुद्दा वकिली आहे आणि वकिलांसारखाच चिवट आहे: पक्षी स्थलांतर करतात. त्यांच्या अंगातलं विष आमच्याच नाल्यातलं कशावरून? हजारो किलोमीटरवरून येणाऱ्या पक्ष्यानं ते वाटेत कुठेही घेतलं असेल. शंका रास्त आहे. हिवाळी पाहुण्याच्या यकृतातला आकडा घेऊन स्थानिक कारखान्यावर खटला भरणाऱ्यानं हरायची तयारी ठेवावी. परंतु या शंकेचं उत्तर केव्हाच सापडलं आहे, आणि ते जाणकारांच्या रोजच्या वापरात आहे. पाहुणा पक्षी घ्यायचाच कशाला? वर्षभर तिथेच राहणारा घ्या. कॅनडानं १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात पंचमहासरोवरांवर अंडी तपासायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हेरिंग गल हा कुरव निवडला, कारण त्याचे प्रौढ पक्षी बारा महिने सरोवरांवरच असतात. किंवा पिल्लाची पिसं घ्या. न उडालेल्या पिल्लाचं पीस आईबापांनी आसपासच्या पाण्यातून आणलेल्या माशांवरच वाढतं, ते परदेशी जाऊन आलेलं नसतं. शिवाय पीसीबी हे दोनशेहून अधिक संयुगांचं कुटुंब आहे, आणि कुठल्या मिश्रणात त्यांचं प्रमाण कसं, याची ठेवण ओळखू येते. या सगळ्याला पैसे आणि चिकाटी लागते हे कबूल. पण ‘सिद्ध करता येणार नाही’ हे विधान खरं नाही. ‘सिद्ध करायचं नाही’ हे खरं आहे.

आणि पुराव्यासाठी थांबा म्हणणाऱ्यांनी मिनामाताचं काय करायचं ते सांगावं. जपानमधल्या या खाडीत एक रसायनांचा कारखाना पाऱ्याचं सांडपाणी सोडत होता. तिच्या काठी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मांजरं झिंगून पाण्यात पडत होती, कावळे उडता उडता कोसळत होते, मासे उलटे तरंगत होते. १९५६ साली माणसांतल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९ साली कारखान्याच्याच डॉक्टरनं मांजराला सांडपाणी खाऊ घालून तोच आजार उभा केला, आणि व्यवस्थापनानं तो प्रयोग दाबला. त्याच वर्षाच्या शेवटी मोठा गाजावाजा करून सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा सुरू झाली. मिथिल पारा काढणं हे तिचं कामच नव्हतं. पारा असलेलं पाणी १९६८ पर्यंत वाहत राहिलं, आणि सरकारनं कारण मान्य केलं तेही त्याच वर्षी. बारा वर्षं. या बारा वर्षांत कंपनीची बाजू मांडणारे काय म्हणत होते? नेमकी प्रक्रिया स्पष्ट नाही, इतरही कारणं असू शकतात, आणखी अभ्यास हवा. ही वाक्यं आजही जशीच्या तशी ऐकू येतात, फक्त नद्या बदलतात.

इथे एक कंस. पक्षी हे माणसासाठी धोक्याची घंटा आहेत, म्हणून त्यांना वाचवा, हा युक्तिवाद मला फारसा रुचत नाही. उद्या माणसाच्या रक्ताची तपासणी स्वस्त झाली तर पक्ष्यांची किंमत शून्य, असा त्याचा अर्थ होतो. पण जे लोक ‘पक्षी मोठे की माणसांचा रोजगार’ असा सवाल टाकतात, त्यांना उत्तर त्यांच्याच भाषेत द्यावं लागतं. स्वीडनचा रसायनतज्ज्ञ सोरेन येनसेन १९६०च्या दशकात डीडीटी शोधत होता. मासे खाणाऱ्या समुद्री गरुडात त्याला डीडीटीबरोबर काही अनोळखी खुणा दिसल्या. संग्रहालयातली जुनी पिसं तपासली तर १९४४ सालच्या पिसातही त्या होत्या, म्हणजे तिथे डीडीटी येण्याच्याही आधीच्या. १९६६ साली त्यानं जाहीर केलं की हे पीसीबी आहेत. विजेच्या उपकरणांत वापरलं जाणारं हे तेल १९२९ पासून कारखान्यांत बनत होतं आणि ते बाहेर पडतंय याची सदतीस वर्षं कुणाला दादही नव्हती. येनसेननं मग स्वतःच्या घरच्यांचे केस तपासले. त्यांतही पीसीबी होते. गरुड आणि माणूस एकाच पाण्यातले मासे खात होते, एवढंच. नदीकाठच्या ज्या गरीब घरांत रोजचं कालवण त्याच नदीतून येतं, त्यांचा रोजगार वाचवतो म्हणणारे त्यांच्या ताटाबद्दल बोलत नाहीत.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी आनंदानं त्यांच्या पदरात घालतो: परिस्थिती सुधारली आहे. पंचमहासरोवरांवरच्या कुरवांच्या अंड्यांत डीडीई आणि पीसीबी १९७०च्या दशकाच्या मानानं खूपच कमी झाले. तपकिरी पेलिकन २००९ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. जर्मनीच्या एकीकरणानंतर एल्ब नदीच्या वरच्या अंगाचे जुने कारखाने बंद पडले किंवा सुधारले आणि मुखाजवळच्या टर्नच्या अंड्यांतला पारा उतरत गेला. पण ही सुधारणा आपोआप झाली नाही, आणि ती झाली हे आपल्याला कळलं तरी कशावरून? कुणीतरी दरवर्षी त्याच वसाहतीतून अंडी उचलून मोजत होतं म्हणून. निर्बंध कामाला आले याचा दाखला देणारी पद्धत आणि निर्बंधांची गरज दाखवणारी पद्धत एकच आहे. उद्योगांनी तर तिचं स्वागत करायला हवं. ज्यानं खरोखर सुधारणा केली, त्याला ती दाखवायला याहून चांगली जागा नाही.

सुधारणेची ही गोष्ट सांगताना गाळ विसरून चालत नाही. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात कर डलेन नदीच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चाललेल्या खाणींचं शिसं गाळात साचलं आहे. हंस पाणवनस्पतींची मुळं खाताना तो गाळ गिळतात आणि आजही शिशाच्या विषबाधेनं मरतात. परवान्यात सांडपाण्याची मर्यादा असते. गाळाची बहुधा नसते.

आणि रसायनं बदलत राहतात, हा तर खरा पेच. डीडीटीपेक्षा सौम्य म्हणून डीडीडी आलं, त्याचं काय झालं ते वर आलंच आहे. पीसीबीवर बंदी आली, त्यानंतर प्लास्टिक आणि फोम पेटू नये म्हणून ब्रोमिनयुक्त पीबीडीई भरपूर वापरात आले. पंचमहासरोवरांवरच्या कुरवांच्या अंड्यांत १९८१ ते २००० या काळात ते साधारण दर तीन वर्षांनी दुप्पट होत गेले. हे दुपटीनं वाढत असताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण कुणी शोधतच नव्हतं. नंतर शोधायचं ठरलं तेव्हा गोठवून ठेवलेली जुनी अंडी फ्रीजरमध्ये होती. ती काढली, तपासली, आणि वीस वर्षांचा आलेख एकदम समोर आला. पाण्याचे वीस वर्षांपूर्वीचे नमुने कुणाकडे असतात? सध्या पीएफएएसची पाळी आहे, न चिकटणारी भांडी, डागरोधक कापड, आग विझवणारा फेस यांतली रसायनं. ती चरबीत बसत नाहीत, रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना धरतात, म्हणून चरबी तपासण्याची सगळी जुनी सवय त्यांच्यापुढे लंगडी पडली. २००१ साली जगभरच्या वन्यजीवांत यांतलंच पीएफओएस हे रसायन सापडल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यात समुद्रावर आयुष्य काढणारे अल्बट्रॉसही होते.

उरतो खर्चाचा आणि व्यवहाराचा आक्षेप. शरीरातल्या मात्रेवर कायदा बेतता येत नाही, असं कुणी म्हणत असेल तर युरोपीय संघानं ते केव्हाच केलं आहे: तिथे पाऱ्यासाठी पाण्याबरोबरच माशाच्या शरीरातली मर्यादा ठरलेली आहे, किलोमागे २० मायक्रोग्रॅम. माशापासून अंड्यापर्यंतचं पुढचं पाऊल फार मोठं नाही. कॅनडाच्या त्या मोजणीत एका वसाहतीतून वर्षाला दहा-बारा अंडी घेतात, एका घरट्यातून एक. एवढ्यानं कुरवांच्या वसाहतीला काही होत नाही. सांडपाणी प्रक्रियेच्या एका मध्यम प्रकल्पाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. तो कारखान्यांकडूनच वसूल करावा, पण मोजणी त्यांच्या हाती देऊ नये. वसाहत कोणती, पक्षी कोणता, हे एकदा ठरवून मग वीस वर्षं बदलू नये, कारण आकडा वाढला की जागा बदलायची युक्ती फार जुनी आहे. अहवाल जाहीर करताना सरासरीबरोबर सर्वांत वाईट अंड्याचा आकडाही द्यावा. आणि प्रत्येक अंड्याचा थोडा भाग न तपासता गोठवून, कारखान्याशी आणि परवाना देणाऱ्या खात्याशी संबंध नसलेल्या एखाद्या संग्रहालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ताब्यात ठेवावा. पुढच्या वीस वर्षांत चौकशी कुठल्या रसायनाची करावी लागेल, त्याचं नाव आज आपल्या कुणालाच ठाऊक नाही.